"सकाळी फिरायला जाता ना?" : आमच्या सोसायटीतलं एक प्रकरण

रविवार, १० नोव्हेंबर २०२४, संध्याकाळचे साडेसात. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं, म्हणजे प्रचार अगदी ऐन रंगात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपरा सभा. सोसायटी टेकडीच्या पायथ्याशी आहे, पुण्यात अशा सोसायट्या ढीगभर आहेत, त्यामुळे नेमकी कुठली ते लिहीत नाही, आणि पक्ष कुठला तेही लिहीत नाही, कारण पक्षाचं नाव आलं की निम्मे लोक तिथंच वाचायचं थांबवतात आणि बाकीचे निम्मे पुढचं सगळं न वाचताच पटवून घेतात. एवढंच सांगतो की पक्ष माझा आहे. चौदा वर्षं बूथचं काम करतोय, याद्या तपासणं, स्लिपा वाटणं, म्हाताऱ्या माणसांना रिक्षात घालून केंद्रावर नेणं, सगळं. सोसायटीचा सेक्रेटरीही तेव्हा मीच होतो. म्हणजे सभा मीच ठेवली होती, हे आधी लिहून टाकतो.

मंडपवाल्याकडून आणलेल्या साठ खुर्च्या, गणपतीत वापरतो तो स्पीकर, चहाचे दोन थर्मास. उमेदवार यायचे होते पण दुसरीकडे अडकले, मग वॉर्डातली पोरंच बोलली. त्यातला एक आमच्याच सी विंगमधला, बावीस वर्षांचा, बोलायला तयार, रील बिल बनवतो, मागे पोरांचा घोळका असतो. त्याचं भाषण झालं, मी म्हणलं कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. तळमजल्यावरच्या बाई उठल्या.

बाई शाळेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण आख्खी सोसायटी त्यांना अजून बाईच म्हणते. टेकड्या हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पुण्यात समाविष्ट गावांमधल्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैववैविध्य उद्यानाचं ९७८ हेक्टरचं आरक्षण आहे, आणि तिथं बांधकामाला परवानगी द्यायची का, किती द्यायची, हा घोळ वर्षानुवर्षं चाललाय. बाईंनी विचारलं, आरक्षण राहणार का उठणार, तुमचा पक्ष काय करणार एवढंच सांगा. त्याला माहिती नव्हतं, तो विकासावर बोलत राहिला. बाईंनी परत विचारलं, आवाज न चढवता, वर्गात विचारतात तसं. मग तो माईकमध्ये हसला आणि म्हणाला,

"बाई, तुम्ही रोज पहाटे एकट्याच जाता ना टेकडीवर फिरायला? जपून जात जा जरा. पुण्यात सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं काय होतं माहितीये ना?"

लोक हसले. सगळे नाही, पण पंधरा-वीस जण तरी, आणि मागे उभी असलेली पोरं टाळ्या वाजवायला लागली. बाई उभ्याच होत्या. मग माईक माझ्या हातात आला आणि मी काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतंय. मी म्हणलं, "चला, चहा घ्या सगळ्यांनी."

प्रकरण त्या पोराच्या वाक्याचं जेवढं आहे तेवढंच माझ्या ह्या चार शब्दांचं आहे, म्हणून लिहायला बसलोय.

बाहेरगावच्या माणसाला कदाचित कळणार नाही की ह्यात एवढं काय आहे. पुण्यातल्या माणसाला लगेच कळतं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला बाहेर पडलेले असताना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, वि. रा. शिंदे पुलावर, मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यांना आधी धमक्या येत होत्या, पोलीस संरक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. दीड वर्षाने, १६ फेब्रुवारी २०१५ ला, कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळी फिरून घरी येत होते, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला आणि २० तारखेला पानसरे गेले. दाभोलकर खटल्याचा निकाल पुण्याच्या कोर्टात लागला १० मे २०२४ ला, दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी, आणि आमच्या सभेच्या बरोबर सहा महिने आधी.

आणि मधल्या काळात एक वाईट गोष्ट झाली, "सकाळी फिरायला जा" ही आपल्याकडे धमकी झाली. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीला ८९ वं साहित्य संमेलन होतं, त्याच्या तोंडावर संमेलनाध्यक्ष श्रीपाल सबनीस यांना ट्विटरवर जाहीरपणे सल्ला दिला गेला होता की मॉर्निंग वॉकला जात जा. नुसता सल्ला. कोणी विचारलं तर सांगता येतं, तब्येतीसाठी म्हणालो. ह्या वाक्याची सगळी ताकद ह्यातच आहे, ऐकणाऱ्याला पोचतं आणि बोलणारा नामानिराळा राहतो.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी क्लिप टाकली आणि सुरू झालं. पहिला बचाव आला तो भाषेचा. "अहो, बोलायची पद्धत आहे ती." ह्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, आपली मराठी खरंच मारझोडीने भरलेली आहे. माझी आजी आम्हाला तंगडी मोडून हातात देईन म्हणायची, मुडदा बशिवला तुझा म्हणायची, आणि पाठोपाठ पानात गरम थालीपीठ टाकायची. निवडणुकीत तर आपण पाडतो, लोळवतो, धूळ चारतो, चारी मुंड्या चीत करतो, पानिपत करतो, सुपडा साफ करतो, आणि ह्यातल्या एकाही शब्दाने कोणाची झोप उडत नाही.

मग फरक कशात आहे ह्याच्यावर मी दोन दिवस डोकं चालवलं आणि मला जे दिसलं ते असं. आजीच्या शिवीत राग आहे, तपशील काही नाही. तंगडी मोडीन, पण कधी, कुठं, कशाने, काहीच नाही, आणि मोडणार ती स्वतः, म्हणजे कोण मोडणार हे तरी माहिती असतं. ह्या पोराच्या वाक्यात राग नव्हताच, आवाज गोड, जपून जात जा म्हणजे उलट काळजीच. पण त्यात माणूस ठरलेला, वेळ ठरलेली, जागा ठरलेली, ती एकटी असते हेही सांगून टाकलेलं, आणि एका झालेल्या खुनाचा दाखला दिलेला. आणि मी काही करीन असं तो म्हणतच नाही. कोणीतरी करेल. तो कोणीतरी त्या साठ खुर्च्यांमध्ये बसलेला असू शकतो, नाहीतर क्लिप बघणाऱ्या शेकडो लोकांमध्ये कुठंतरी, त्याचं नावही त्या पोराला माहिती नसेल. त्यामुळे तो मनाने चांगला आहे, मुंगी मारणार नाही, वगैरे जे त्याच्या आईने आणि अर्ध्या सी विंगने सांगितलं ते सगळं खरं असूनही त्याचा उपयोग नाही. तो मारणार नव्हताच. प्रश्न तो नव्हताच.

दुसरा बचाव, आणि हा जास्त चिवट, "त्यांचे लोक बोलतात तेव्हा तुम्ही कुठं असता?" ह्याला महाराष्ट्रात उदाहरणांची कमी नाही हे खरंच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नारायण राणेंनी केंद्रात मंत्री असताना तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल कानाखाली लगावण्याची भाषा केली आणि त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांच्या बाजूने लगेच २०१८ मधलं ठाकरेंचंच योगी आदित्यनाथांना चपलेने मारण्याबद्दलचं भाषण बाहेर काढलं गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आमच्या सभेच्या दोन महिने आधी, बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी राहुल गांधींची जीभ छाटणाऱ्याला ११ लाख रुपये बक्षीस जाहीर केलं. गुन्हा दाखल झाला. त्यांच्या मित्रपक्षाचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे म्हणाले की मी ह्याचं समर्थन करणार नाही, पण लगेच पुढच्या वाक्यात गाडी नोकऱ्या-शिक्षणातल्या आरक्षणावरून काँग्रेसवर गेली. माझं म्हणणं ह्या "पण"बद्दल आहे. समर्थन नाही, इथं पूर्णविराम देता येतो. आपण कोणीच देत नाही. आमच्या ग्रुपवर सोमवारी दिवसभरात दोनशेच्या वर मेसेज पडले, त्यात दहा-बारा जणांनी "चुकीचंच आहे" लिहिलं होतं आणि त्यातल्या एकालाही "पण" न लिहिता थांबता आलं नाही. मी तर तेवढंही लिहिलं नाही. मी फक्त वाचत होतो.

सोसायटीच्या अध्यक्षांना वेगळीच काळजी, ग्रुपचे अ‍ॅडमिन ते, क्लिप ग्रुपवर फिरतीये तर माझ्यावर केस होईल का. त्यांना सांगितलं की मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय, दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, त्याचाही तोच हेतू होता असं काही दिसत असेल तरच. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि विषय त्यांच्यापुरता संपला. मला तेव्हाच जरा टोचलं, की आपण सगळे आपल्या अंगाला काही लागत नाही ना एवढंच बघतोय, बाईंना फोन अजून कोणीच केला नव्हता.

मंगळवारी सकाळी वॉचमनने सांगितलं, "साहेब, बाई दोन दिवस गेटवर आल्या नाहीत." आमच्याकडे छोट्या गेटला लोखंडी कडी आहे, पावणेसहाला ती वाजते म्हणजे बाई निघाल्या, वॉचमनचं घड्याळच आहे ते. मी खाली उतरलो तर बाई पार्किंगमध्ये चालत होत्या. पायात टेकडीवर घालतात तेच बूट, कानटोपी, हातात काठी, आणि खांबापासून खांबापर्यंत फेऱ्या. स्कूटर लावलेल्या, त्याच्यामधून वाट काढत. मंडपवाल्याने रविवारच्या खुर्च्या अजून नेल्या नव्हत्या, एकावर एक रचून ठेवलेल्या, त्या ढिगाला वळसा घालून त्या परत फिरायच्या. मला बघून थांबल्या नाहीत, चालता चालताच म्हणाल्या, "चाळीस फेऱ्या झाल्या की तीन किलोमीटर होतात रे, मोजलंय मी." एवढंच. पंचवीस-तीस वर्षं टेकडीवर जाणारी बाई, पावसात सुद्धा छत्री घेऊन जाणारी.

मला तेव्हा १८९५ आठवलं. त्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेसचं अकरावं अधिवेशन होतं, सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष, आणि त्याच मंडपात दरवर्षीसारखी समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवायची होती. सनातनी मंडळींचा विरोध, परिषद भरवलीत तर मंडप जाळू अशी धमकी. न्यायमूर्ती रानड्यांनी वाद वाढू नये म्हणून परिषद वेगळी भरवली, फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात. मंडप कोणी जाळला नाही. जाळायची गरजच पडली नाही. लहानपणी हे वाचताना मला वाटायचं, बरं झालं, टळलं. आता खुर्च्यांच्या ढिगाला वळसा घालणाऱ्या बाईंकडे बघताना वाटलं की टळलं कुठं, झालं की जे व्हायचं होतं ते. आमचं काय होणार ह्याची आम्ही ग्रुपवर चर्चा करत होतो, पुढे खरंच काही होईल का, पोरगा तसा आहे का, आणि इकडे ते वाक्य रविवारी रात्रीच आपलं काम करून मोकळं झालं होतं.

दुपारी वॉर्डातल्या आमच्या भाऊंना फोन केला. म्हणलं भाऊ, त्याला बाईंची माफी मागायला लावा, आणि पक्षाकडून दोन ओळी काढा. भाऊ म्हणाले, "वीस तारीख होऊ दे, मग बसू. पन्नास पोरं आणतो रे तो." भाऊ वाईट माणूस नाही, कोविडमध्ये रात्री-अपरात्री ऑक्सिजनसाठी पळालेला माणूस आहे, पण पन्नास पोरं एका बाजूला आणि बाई दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी हिशोब केला.

मग मी स्वतःच लिहायला बसलो, आणि पहिल्यांदा जे लिहिलं ते जसंच्या तसं देतो, कारण हे असलंच आपण सगळे लिहितो. "रविवारच्या सभेत झालेल्या एका वक्तव्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. मात्र निवडणुकीच्या वातावरणात सर्वांनीच संयम बाळगावा." बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "भावना कुठं दुखावल्यात? जीवाची भीती घातलीये त्यांना. आणि सर्वांनीच म्हणजे, बाईंनी कसला संयम सोडला?" परत वाचलं तर खरंच, वक्तव्य "झालं", जसा पाऊस झाला, बोलणारा कोणी नाहीच. दुखावल्या "असल्यास". "आम्ही", म्हणजे कोण. आणि "मात्र", तोच तो "पण".

रात्री साडेनऊला मी स्वतःच्या नावाने ग्रुपवर हे टाकलं:

"रविवारच्या सभेत बाईंनी प्रश्न विचारला म्हणून माझ्या पक्षाच्या कार्यकर्त्याने माईकवरून त्यांना सांगितलं की एकट्या टेकडीवर जाता, जपून जा, फिरायला जाणाऱ्यांचं काय होतं माहिती आहे ना. ही जीवाची धमकी आहे. माईक माझ्या हातात आला तेव्हा मी काही बोललो नाही, ती माझी चूक आहे आणि मी बाईंची माफी मागतो. त्याने बाईंची माफी मागेपर्यंत ह्या सोसायटीत मी ठेवलेल्या कुठल्याही कार्यक्रमात तो बोलणार नाही. बाईंनी पोलिसांत तक्रार दिली तर साक्षीला मी येईन."

वाक्य पूर्ण लिहिलं मुद्दाम, कारण आपण "आक्षेपार्ह विधान" म्हणलं की ते विधान काय होतं ते कोणी बघत नाही आणि ज्याला पाहिजे तो त्याला गंमत म्हणून मोकळा होतो. मुलाचं नाव नाही लिहिलं, सगळ्यांना माहिती होतं, आणि मला त्याच्यावर माणसं सोडायची नव्हती, तेही तेच झालं असतं.

पहिलं उत्तर आलं डी विंगच्या डॉक्टरांचं. "मी पण हसलो होतो. बाई, सॉरी." मग अजून एक, मग अजून चार-पाच. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रविवारी हसलेली माणसं दुष्ट नव्हती, स्टेजवरून कोणी हसतं तेव्हा माणूस हसतो आणि पुढं बघतो की आता काय करायचंय, आणि पुढं मी म्हणलो होतो चहा घ्या. रविवारी त्याच माईकवरून मी एक वाक्य बोललो असतो तर हे सगळं दोन मिनिटात संपलं असतं. दोन दिवसांनी तेच करायला दहापट जोर लागला. नऊ जण ग्रुप सोडून गेले. अकराला भाऊंचा फोन, "तू नक्की कोणाच्या बाजूचा?" मी म्हणलं आपल्याच, म्हणून तर मी बोलायचं. समोरच्या पक्षाने ह्याला नावं ठेवली तर तो प्रचार होतो, पोरं अजून चेकाळतात. ते खरंच झालंही, दुसऱ्या दिवशी समोरच्या उमेदवाराची माणसं क्लिप मागायला बाईंकडे आली, बाईंनी हाकलून लावलं, म्हणाल्या माझ्या भीतीची पत्रकं छापू नका. काही मित्रांनी मला सांगितलं की असं असेल तर पक्ष सोड. मी सोडला नाही. बाहेर जाऊन ओरडलो असतो तर त्या पन्नास पोरांपैकी एकानेही ऐकलं नसतं, आत आहे म्हणून निदान शिव्या तरी देतात.

गुरुवारी बाई चौकीत जायला तयार झाल्या. हवालदाराने आधी विचारलं नेमके शब्द काय, आणि तिथं ती क्लिप कामाला आली. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, धाक दाखवण्याचं, जुन्या आयपीसीत जे ५०६ होतं ते, संहिता जुलै २०२४ पासून लागू झालीये. साक्षीदार म्हणून मी माझं नाव दिलं. आणि आचारसंहिता भंगाच्या तक्रारींसाठीचं निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप मोबाईलमध्ये होतं, सभेतच त्यातून तिथल्या तिथं व्हिडिओ काढून टाकला असता तर शंभर मिनिटांत दखल घ्यायची असते त्यांनी, ते आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पुढच्या वेळी कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

मुलगा बाईंकडे गेला निकालानंतर, २५ तारखेला, आईबरोबर. मी तिथं होतो. दारातच उभा राहून सॉरी म्हणाला. बाईंनी आत बोलावलं, बसवलं, आणि विचारलं दाभोलकर कोण होते सांग. त्याला नाव माहिती होतं, खून झाला हे माहिती होतं, बाकी काही नाही. २०१३ मध्ये तो अकरा वर्षांचा होता. ते वाक्य त्याने कुठून उचललं तर रीलखालच्या कमेंटमधून, तिथं कोणी काही बोललं की लोक लिहितात, सकाळी फिरायला जा. त्याच्या लेखी तो एक हिट डायलॉग होता. हे ऐकून मला त्याचा राग कमी आला आणि भीती जास्त वाटली, कारण ज्यांनी ते वाक्य पहिल्यांदा वापरलं त्यांना निदान आपण काय बोलतोय हे माहिती होतं.

बाई म्हणाल्या माफी इथं नको, जिथं बोललास तिथं माग, त्याच पार्किंगमध्ये, त्याच माईकवर. तो हो म्हणाला. अजून मागितलेली नाही. मी तीनदा आठवण केली, त्याची आई आता माझ्या बायकोशी बोलत नाही. वीस तारखेला मतदानाच्या दिवशी भाऊंनी त्याला माझ्याच बूथच्या टेबलावर बसवलं होतं, मी खुर्ची उचलून पलीकडे नारळवाल्याशेजारी जाऊन बसलो आणि तिथून स्लिपा लिहिल्या. पक्षाकडून त्या दोन ओळी आजपर्यंत आलेल्या नाहीत.

पुढच्या जनरल बॉडीत आम्ही ठराव केला, सोसायटीच्या जागेत सभा कोणाचीही असो, माईक कमिटीच्या एका माणसाच्या हाती राहील, आणि असं काही बोललं गेलं तर तो तिथंच, त्याच मिनिटाला, हे आम्हाला मान्य नाही असं माईकवरून सांगेल आणि सभा थांबवेल. ठराव दोन मतांनी पास झाला. पहिल्या वर्षी तो माणूस मी.

बाई जानेवारीपासून परत टेकडीवर जायला लागल्या. आता साडेसहाला निघतात, उजाडल्यावर, बी विंगच्या दोघी बरोबर असतात, तिघी मिळून जातात. पावणेसहाला गेटची कडी वाजत नाही.